तोंड न फिरवण्याचं काम

अमरावतीच्या एका व्यायामशाळेच्या मुलींच्या वसतिगृहात माझं निम्मं आयुष्य गेलं. स्वयंपाक माझ्याकडे, चाव्या माझ्याकडे, आणि मुलींची दुखणी, रुसवेफुगवे, तेही माझ्याकडेच. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत. पुढचं वाचन किराणा बांधून यायचा त्या कागदांवर झालं. आता अकोल्याला जठारपेठेत मुलाकडे राहते. गुडघे कुरकुरतात, पण बोलायला अजून काही अडत नाही, म्हणून सांगते.

वसतिगृहात नवी मुलगी आली की मी तिला एक गोष्ट आधी शिकवायची. स्पर्धेसाठी बाहेरगावी गेलं की राहायची सोय म्हणजे एखाद्या शाळेचे वर्ग. बाकं कडेला सरकवायची, सतरंज्या टाकायच्या. खिडक्यांना धड दारं नसायची. कपडे कुठे बदलायचे? तर दोघींनी चादर धरायची आणि तिसरीने तिच्या आड बदलायचे. अन् चादर धरणाऱ्या दोघींनी तोंड पलीकडे फिरवायचं. चादरीवरून डोकावणारीला माझ्याकडे सगळ्यांच्या शेवटी वाढलं जायचं. "धरली चादर, फिरवलं तोंड," हे माझं बोलणं पोरी माझ्याच आवाजात एकमेकींना करून दाखवायच्या. मी आडून ऐकायची आणि हसायची.

त्या पोरींमध्ये एक अचलपूरची होती. वडिलांचं गाद्या-रजया भरायचं दुकान, आई घरी रजयांना टाके घालायची. घरात उर्दू, बाहेर आपली वऱ्हाडी, दोन्हीत सारखीच फटकळ. ज्युदो खेळायची. चारचौघांत मला मावशी म्हणायची, पण ताप आला, घाबरली, हरली की हळूच त्यांच्या उर्दूतलं 'खाला' म्हणायची. तिच्या तोंडून खाला आलं की मी हातातलं लाटणं बाजूला ठेवायची.

खेळात ती पुढे गेली असती. पण गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, गुडघा चालण्यापुरता जागेवर आला, खेळण्यापुरता नाही. मग अचलपूरलाच शाळेत खेळाची शिक्षिका झाली. तेव्हापासून आम्ही सगळे तिला मास्तरीणबाईच म्हणतो. मी पण तेच म्हणते इथे.

मास्तरीणबाईने मग एक परीक्षा दिली. खेळाडूने ताकद वाढवायला बंदी असलेलं औषध घेतलं आहे का, हे पाहायला त्याच्या लघवीचा नमुना घेतात. मुलींचा नमुना घ्यायला बाईमाणूस अधिकारी लागते, तिची ती परीक्षा. ती पास झाली. तिच्या आईला काही ते रुचलं नाही. मी परतवाड्याची एसटी धरून मुद्दाम अचलपूरला भेटायला गेले, तर रजईत सुई खुपसत ती मलाच म्हणाली,

"सांगा बाई तुमीच. पोरगी येवढी शिकली, अन् काम काय तं लोकाईच्या लघवीच्या शिशा भराच्या! खानदानात तोंड कसं दाखवू मी?"

"अम्मी, सरकारी डॉक्टर नाई का तपासत?" मास्तरीणबाई आतून ओरडली.

"डॉक्टर कागदावर पाह्यते. तुले तं उभं राहून पाहा लागते म्हणे!"

शेवटी आईने एकच अट घातली. जा, पण यात काही ठपका घेऊन घरी आलीस तर पुन्हा या कामाचं नाव काढायचं नाही. मास्तरीणबाईने मान हलवली. बाहेर ओट्यावर येऊन मला म्हणाली, "मावशी, गुडघ्यानं मैदान बंद केलं. आत जायले हा एकच दरवाजा राह्यला. हा गेला तर मंग पोरायले नुसती शिट्टी वाजवून रांगेत उभं करत राहीन जन्मभर."

हे तिचं वाक्य ध्यानात ठेवा. पुढे जे झालं त्यात सगळं हेच पणाला लागलं होतं.

मग आपल्याच देशात, पण आपल्यापासून लांबच्या एका मोठ्या शहरात, कितीतरी देशांची मोठी स्पर्धा ठरली. मास्तरीणबाईची तिथे नेमणूक झाली. स्वयंसेवक बायकाही हव्या होत्या. खेळाडूचा सामना संपला की तिला चाचणीचं सांगायचं, आणि चाचणीच्या खोलीत पोहोचेपर्यंत तिला नजरेआड होऊ द्यायचं नाही, एवढंच काम. मी त्याला सोबतिणीचं काम म्हणते. मास्तरीणबाईने माझं नाव पुढे केलं.

मुलगा म्हणाला, "आई, गुडघे धरून पोरीमागं कशी पयशीन तू?"

म्हटलं, "खेळून थकलेल्या पोरी पळत नाहीत रे. त्या बसायलाच जागा शोधतात."

आमचं दोघींचं प्रशिक्षण अमरावतीलाच झालं, त्याच जुन्या व्यायामशाळेच्या सभागृहात. शिकवायला एक सर आले होते, चांगले हुशार. बाटली खेळाडूने स्वतः निवडायची, झाकण स्वतः लावायचं, तिच्या सामानाला आपण हात लावायचा नाही, सगळं नीट सांगितलं. मग एक पान आलं. नमुना देताना कपडे छातीच्या वर आणि गुडघ्यांच्या खाली, बाह्या कोपरापर्यंत, आणि अधिकारी बाईने समोर उभं राहून नीट बघायचं. का, तर काही लोक दुसऱ्याची लघवी पिशवीत लपवून आणतात. सरांचे कान लाल झाले. आम्ही सगळ्या पदर तोंडाला लावून हसत होतो. सर म्हणाले, "हे तुम्हा बायकांना समजलंच असेल," आणि पान उलटलं. आम्हीही सुटलो, तेही सुटले.

आम्ही गाडीने त्या शहरात पोहोचलो. मी कुस्तीच्या हॉलवर, मास्तरीणबाई चाचणीच्या खोलीत. खोली म्हणजे बाहेर बसायची जागा, पाण्याच्या बंद बाटल्यांनी भरलेलं कपाट, एक टेबल, आणि आत संडास.

तिथे एक उंच बाई होती. कुठल्या देशाची ते मी विचारलं नाही. केस पांढरे, साधं जाकीट, हातात वही. ती ना खेळाडूंची, ना आयोजकांची, ना आमची. मास्तरीणबाई म्हणाली, "मावशी, आपण खेळाडूवर नजर ठेवतो, अन् ह्या आपल्यावर ठेवतात. चाचणी सरळ होऊन राहिली का नाई, तेवढंच पाहायले आल्या. कोणाले अडवत नाईत, कोणाले बोलत नाईत. शेवटी जे दिसलं ते लिहितात."

मला पहिल्या दिवशी तिचा रागच आला. मी अकोल्याहून चिवडा नेला होता, शेंगदाणे जास्तीचे घातलेला. तिच्यापुढे कागद धरला. तिने हसून हात छातीला लावला आणि मान हलवली. चहा विचारला, तोही नाही. आमच्या खुर्चीवरसुद्धा बसेना, भिंतीला टेकून उभी. पाणी स्वतःच्या बाटलीतलं. मी मास्तरीणबाईला म्हटलं, "आपण काय विष घालून राहिलो का तिच्या चहात?" ती म्हणाली, "मावशी, ज्याच्यावर नजर ठेवाची त्याचं खाल्लं का मंग नजर खाली होते ना." मला पटलं नाही, पण मी चिवड्याची पुडी बांधून ठेवली.

काही दिवस सगळं सुरळीत गेलं. मग ती पोर आली.

लांबच्या कुठल्या डोंगराळ देशाची. अंतिम कुस्ती हरली होती, पण रुपेरी पदक मिळालं होतं. मी तिला चाचणीचं सांगितलं, म्हणजे माझ्याजवळच्या तिच्या भाषेतल्या कागदावर बोट ठेवलं, तिने सही केली. गळ्यात पदक, डोक्यावर ओढून घेतलेला रुमाल, आणि खाली घातलेली मान. शाळकरी म्हणावी इतकी लहान वाटत होती. चालताना पोट धरत होती. मी बाईच आहे, मला समजलं तिचे कोणते दिवस आहेत ते. खोलीत तिला आणून सोडलं आणि मी बाहेर बाकावर बसले. उंच बाई त्या वेळी पलीकडे, पुरुषांच्या चाचणीच्या खोलीपाशी उभी होती.

बऱ्याच वेळाने पोर बाहेर आली. बाटल्या बंद झाल्या, सह्या झाल्या. तिचा प्रशिक्षक तिला घेऊन बसकडे निघाला. सगळं नेहमीसारखंच झालं होतं.

मास्तरीणबाई मात्र हात धुवायला गेली ती परतच येईना. मी मागून गेले. नळ सोडून तशीच उभी होती. आरशात मला पाहून म्हणाली, "खाला."

मी नळ बंद केला.

"खाला, मी पाह्यलंच नाही."

"काय पाह्यलं नाही?"

"ती रडून राह्यली होती. कपडे सोडवत नव्हती. मंग तिनं असा हात केला," मास्तरीणबाईने पंजा गोल फिरवून दाखवला, "तिकडं तोंड करा म्हणून. अन् मी केलं. मले समजलंच नाई मी केव्हा केलं. पाय आपोआप फिरले. आवाज ऐकला, अन् ती कप घेऊन समोर आली तेव्हाच मले भान आलं." मग ती हसली की रडली मला सांगता येत नाही. "धरली चादर, फिरवलं तोंड. तुमचंच ना ते."

मी काय बोलले ते जसंच्या तसं सांगते. मी म्हटलं, "पोरी, तू तिची लाज राखली. यात वाईट काय? बाटली भरली, बंद झाली. ती पोर असलं काही करणारी वाटते का? कोणी पाह्यलं नाही. चल, तोंड पूस. तुझी आई काय म्हणाली होती ते आठव."

"तेच आठवून राहिली," ती म्हणाली. "पण मावशी, उद्या कोणी म्हटलं ना, हिनं पिशवी आणली होती, तर तिच्याकडून बोलायले कोण हाय? तिच्या देशाचे लोक तं तिचंच बोलतीन, त्यायचं कोण मानते? मी एकटी होती तिथं परकी. माझ्याच डोळ्यानं पाह्यलेलं नसीन तर तिच्यापाशी काय राह्यलं?"

ती बाहेर निघाली, मी मागे.

उंच बाई परत आमच्या खोलीच्या दाराशी आली होती. मास्तरीणबाई तिच्यापुढे उभी राहिली आणि इंग्रजीतून सगळं सांगितलं. मला शब्द कळले नाहीत, पण तो फिरवलेला पंजा तिथेही दिसला. मला वाटलं ही बाई आता वही उघडेल. तिने उघडली नाही. तिने रागही केला नाही आणि 'असू दे' असंही म्हटलं नाही. दोनच वाक्यं बोलली. मास्तरीणबाईने मला नंतर त्यांचा अर्थ सांगितला: हे तुमच्या प्रमुखांना सांगायचं आहे, मला नाही. तुम्ही सांगाल तेव्हा मी तिथे उभी असेन.

प्रमुख साहेब मोठ्या शहरातले, वागायला भले. ऐकून त्यांचा चेहराच उतरला. "मॅडम, बाटली सील झाली, सह्या झाल्या. आता कशाला उकरून काढता? मुलगी काही लपवणारी नव्हती ना? मग? बाहेरच्या लोकांसमोर आपलीच शोभा..." बोलता बोलता त्यांची नजर दाराकडे गेली. उंच बाई तिथे होती. नुसती उभी. चेहऱ्यावर काही नाही.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग फोन उचलला आणि म्हणाले, "ती बस गेटवर थांबवा."

खरं सांगू? त्या क्षणापर्यंत ती बाई इथे कशाला आली, हे मला समजलं नव्हतं. साहेबांपुढे ती एक शब्द बोलली नाही. पण ती नसती तर बस गेली असती, आणि मास्तरीणबाईचं सांगणं त्या केबिनच्या बाहेर आलं नसतं. मीही तिला गप्प बसवायलाच निघाले होते की.

पोरीला आणायला मलाच जावं लागलं. बसच्या पायरीवर मला पाहताच तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिला वाटलं, आपल्याला पकडायलाच आले. प्रशिक्षक खाली उतरून ओरडायला लागला, हातवारे करायला लागला. मी काय सांगणार त्याला? दुभाष्या फोनवर सांगत होता की मुलीची चूक नाही, आमची आहे, दुसरा नमुना हवा. तो फोन झिडकारत होता. पोर मात्र उठून माझ्याबरोबर निघाली. गळ्यातलं पदक तिने मुठीत धरलं होतं, कोणी ओढून घेईल असं.

एकदा दिलेला नमुना लगेच पुन्हा देता येत नाही. पाणी प्यायचं आणि वाट बघायची. ती आणि मी बाकावर बसलो. नियम माझ्या नजरेचा होता, बोलायची मनाई नव्हती. मी बोलत राहिले. तिला काय समजणार? मी तिला आमचं वसतिगृह सांगितलं, अंबाडीची भाजी सांगितली, ज्या पोरीने तुला परत बोलावलं ती पण अशीच पोट धरून माझ्या स्वयंपाकघरात बसायची हे सांगितलं. ती पाणी पीत होती आणि समोर बघत होती. केव्हातरी तिचं डोकं माझ्या खांद्याला टेकलं. झोपली नव्हती.

दुसरा नमुना घ्यायला दुसरीच अधिकारी आली, मास्तरीणबाईला आत जाऊ दिलं नाही. तसं ते बरोबरच होतं. या वेळी उंच बाई आतल्या दाराबाहेर उभी होती. आतून पोरीच्या रडण्याचा आवाज आला, मग थांबला. ती बाहेर आली तेव्हा मास्तरीणबाई वाटेतच उभी होती, दोन्ही हात पुढे बांधून. पोर तिच्याजवळून गेली. तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही. मास्तरीणबाईने मान खाली घातली नाही, वळलीसुद्धा नाही. ती पोर गेटबाहेर जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहिली.

उरलेले दिवस तिला नमुन्यांपासून दूर ठेवलं. बाटल्यांची खोकी मोजून ठेवायची, एवढंच काम. कोणी टोचून बोललं नाही, पण जेवायच्या टेबलावर तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. मी तिथे जाऊन बसायची. उंच बाईने शेवटच्या दिवशीही माझा चहा घेतला नाही. मी विचारलाच होता. तिने पुन्हा हात छातीला लावला आणि मान हलवली. या वेळी मला वाईट वाटलं नाही.

परतीच्या गाडीत मास्तरीणबाई खिडकीशी बसून होती. बडनेरा आलं तेव्हा म्हणाली, "अम्मीले सांगाच लागीन."

"नको सांगू. कोणाला माहीत आहे?"

"मावशी, पुन्हा तेच म्हणता तुमी," म्हणाली आणि जराशी हसली.

तिने सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि टाके घालत राहिली म्हणे. ते बोलणी खाण्यापेक्षा वाईट.

कित्येक महिन्यांनी एवढंच कळलं: पोरीचे दोन्ही नमुने स्वच्छ निघाले, पदक तिचंच राहिलं, कोणी बोट दाखवलं नाही. म्हणजे आमच्या मास्तरीणबाईने जे कबूल केलं त्याची गरज होती का नव्हती, तेही कोणाला कधी कळणार नाही. ती शाळेत शिट्टी वाजवत होती. नव्या स्पर्धांसाठी बायकांना बोलावणी येत होती, हिला येत नव्हतं.

मग त्या उंच बाईसारख्या पाहणाऱ्या मंडळींचा अहवाल सगळ्यांसाठी खुला झाला. कोणीही वाचावा असा असतो तो. मास्तरीणबाई अकोल्याला आली, माझ्या खाटेवर बसून फोनवरून वाचून दाखवू लागली. मधेच थांबली. पुढचं मराठीत करून सांगितलं. एका चाचणीत साक्षीला असलेल्या अधिकारी बाईने संकोचामुळे नजर वळवली, हे तिने स्वतः सांगितलं म्हणून कळलं. प्रशिक्षणात ही गोष्ट लाजून टाळली गेली असावी. यापुढे ती उघड बोलून, करून दाखवून शिकवावी.

"तुझं नाव हाय?" मी विचारलं.

"नाई."

"चांगलं का वाईट मग?"

"मावशी, जसं झालं तसं हाय." तिने फोन उलटा ठेवला.

त्यानंतर बोलावणं आलं. पुढच्या स्पर्धेला पुन्हा अधिकारी म्हणून यायचं, आणि त्याआधी अमरावतीला नव्या बायकांना तेच पान शिकवायचं, सरांनी उलटलेलं. आईला सांगायला मला सोबत नेलं तिने. परतवाड्याची एसटी, तेच घर, तीच सुई. मास्तरीणबाईने सांगितलं आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. ठपका तर आला होता. अट आईची होती.

आईने दोरा दाताने तोडला. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, त्या पोरीले आई अशीन ना?"

"असेल की."

"तिनंबी असंच शिकवलं अशीन. कोणी पाहाले लागलं का, म्हणा तिकडं तोंड कर." सुईत दोरा ओवायला तिने सुई उजेडाकडे धरली. नजर आता कमी झाली आहे तिची, मास्तरीणबाई पुढे झाली, पण तिने दिली नाही. स्वतःच ओवला. मग लेकीला म्हणाली, "जाय. अन् या खेपेले त्या पोरीले आधी समजावून सांगजो, मंग पाहाजो."

अमरावतीच्या त्या सभागृहात मी मागच्या खुर्चीवर होते. मास्तरीणबाईने पान उलटलं नाही. एका बाईला पडद्याशी खेळाडू म्हणून उभं केलं, दुसरीला समोर, आणि म्हणाली, "आता बघा. अन् बघत राहा." ती दुसरी बाई लाजून हसली, खाली बघायला लागली. मास्तरीणबाई थांबली. ती वर बघेपर्यंत थांबून राहिली.

वसतिगृहातल्या पोरी अजून चादर धरतात, मी मधे जाऊन पाहून आले. तोंड फिरवतात. मी त्यांना काही म्हटलं नाही. तिथे तेच बरोबर आहे.